पऱ्हाटीचं बोंड खोडरबरावर : घरच्या घरी रबराचे ठसे कोरण्याची पद्धत

रबराचा ठसा कोरायला जे लागतं ते सगळं तालुक्याच्या गावी एका फेरीत मिळतं. स्टेशनरीच्या दुकानातून खोडरबर, बटर पेपर, ४बी पेन्सिल आणि स्टॅम्प पॅड. मेडिकलमधून सर्जिकल ब्लेड. पंक्चरवाल्याकडून सायकलची टाकाऊ ट्यूब. सुताराकडून सागवानाचे उरलेसुरले टुकडे. मोबाइलवर या कामाचे व्हिडिओ बघितले की गुलाबी रंगाचे खास ब्लॉक आणि लाकडी मुठीच्या पात्यांचे संच दिसतात, आणि हे आपल्या गावात जमायचं नाही असं वाटून माणूस तिथंच थांबतो. जमतं, आणि फार छान जमतं. हत्यारं हा या कामातला लहान भाग. मोठा भाग कागदावर होतो : ब्लेड हातात घेण्याआधी चित्रातलं काळं काय राहणार आणि पांढरं काय होणार हे पक्कं करणं. कोरणं त्यानंतर सोपं आहे. म्हणून या लेखात मी चित्रावर जास्त थांबणार आहे.

रबर कोणतं घ्यावं

पहिल्या ठशासाठी साधं पांढरं नॉन-डस्ट खोडरबर घ्या, त्यातल्या त्यात मोठं. नाव रबर असलं तरी ते बहुधा पीव्हीसी प्लॅस्टिक असतं, मऊपणा यावा म्हणून त्यात तेलकट द्रव्य घातलेलं. ब्लेड त्यात न अडखळता जातं आणि कड स्वच्छ निघते. दुकानातच नखानं दाबून बघा. नख थोडं रुतलं पाहिजे आणि खूण लगेच भरून आली पाहिजे. दाबल्यावर भुगा सुटत असेल तर ते परत द्या. शाई खोडायचं खरखरीत रबरही नको; त्यात घासणारी पूड असते, तिच्यानं ब्लेडची धार जाते. फळांच्या आकाराची सुगंधी रबरं दिसायला गोड असतात, पण त्यांना सपाट बाजूच नसते.

खोडरबराच्या एका बाजूला कंपनीचं नाव असतं. कोरी बाजू वापरा. दोन्ही बाजूंना काही उठावात असेल तर ४०० नंबरचा पॉलिश पेपर फरशीवर ठेवून, त्यावर पाण्याचे चार थेंब टाकून, रबर गोल गोल घासा. नंतर साबणानं धुऊन पुसा. नव्या रबरावर तेलकट थर असतो, तो गेला नाही तर शाई ठिपक्याठिपक्यांनी बसते आणि लोक विनाकारण शाईला दोष देतात.

पोस्टकार्डाएवढा ठसा करायचा असेल तर खोडरबर पुरत नाही. तेव्हा कोरीवकामाचा मऊ ब्लॉक ऑनलाइन मागवा, पण हात बसल्यावरच. त्याआधी मोठ्या आकारासाठी सायकलची ट्यूब आहे. १८३९ साली चार्ल्स गुडइयरला शोध लागला की रबरात गंधक मिसळून तापवलं तर ते उन्हात चिकट होत नाही आणि थंडीत तडकत नाही. ट्यूब अशाच प्रक्रियेतून गेलेली असते, म्हणून आपल्याकडच्या नवतप्यातही, म्हणजे मेअखेरच्या रणरणत्या उन्हातही, ती जशीच्या तशी राहते. ती कोरता येत नाही, कारण पातळ असते. ती कात्रीनं कापून लाकडावर चिकटवायची. ती रीत पुढे दिली आहे. जुन्या हवाई चपलेचा तळही चालतो, मात्र त्यात बारीक छिद्रं असल्यानं नाजूक रेघ उमटत नाही. मोठी पानं, गोल, चांदण्या यांना तो ठीक.

हत्यारं

मुख्य हत्यार म्हणजे ११ नंबरचं सर्जिकल ब्लेड. ते सरळ धारेचं, टोकदार असतं आणि ३ नंबरच्या मुठीत बसतं. मूठ एकदा घेतली की वर्षानुवर्षं टिकते. ब्लेड बोटांनी ओढून बसवू नका, पकडीनं धरून बसवा आणि पकडीनंच काढा. मूठ मिळाली नाही तर पातळ पात्याचा ऑफिस कटर घ्या, टोक बोथट झालं की एक तुकडा मोडून पुढे जा. वापरलेली ब्लेडं झाकणाच्या प्लॅस्टिक बाटलीत साठवा. उकिरड्यावर टाकली तर ढोरांच्या तोंडात जातात.

मोठे पांढरे भाग उकरायला नळीसारखी धार हवी. बाजारात लिनो कटर मिळतो. घरी करायचा तर मोडक्या छत्रीची काडी घ्या. छत्रीच्या आतल्या पोलादी काड्या पन्हळीच्या आकाराच्या असतात; नेमका हाच आकार आपल्याला हवा. हॅक्सॉनं बोटभर लांबीचा तुकडा कापा, एक टोक कानशीनं तिरकं घासा, मग धार लावायच्या दगडावर पाणी टाकून बाहेरच्या बाजूनं धार काढा आणि आत राहिलेला खरवड पॉलिश पेपरच्या सुरळीनं साफ करा. दुसरं टोक वेळूच्या कांडीत ठोकून बसवलं की मूठ झाली. खोडरबरात ही काडी रेषा उकरत सुरेख चालते. काड्या दोन-तीन जाडीच्या मिळाल्या तर प्रत्येकीची वेगळी रेघ हाताशी येते.

गोल ठिपक्यांसाठी जुन्या ट्रान्झिस्टरची ओढून लांब करायची एरियल शोधा. तिच्यात एकात एक बसणाऱ्या नळ्या असतात, प्रत्येक नळीचं तोंड थोडं लहान. तुकडे करून, कड पातळ घासून, रबरावर दाबून फिरवलं की नेमका गोल कापला जातो. डोळे, बिया, फुलांचे मध्य यांना याच्याइतकं चांगलं साधन नाही.

काम करायला एक फळी घ्या आणि तिच्या पुढच्या कडेला आडवी पट्टी ठोका. रबर त्या पट्टीला टेकवलं की उकरताना पुढे सरकत नाही. रबर धरणारा हात कायम धारेच्या मागे असावा, पुढे कधीच नाही. उजेड एका बाजूनं, तिरका यावा. डोक्यावरच्या बल्बखाली कोरलेल्या खोलीचा अंदाजच येत नाही. दारात बसून सकाळचं कोवळं ऊन अंगावर घेत काम करणं सगळ्यात सोयीचं.

चित्र : काळं आणि पांढरं

ठशाला राखाडी रंग कळत नाही. जिथं रबर शिल्लक आहे तिथं शाई, जिथं उकरलं तिथं कागद. पेन्सिलीच्या छटांनी काढलेलं सुंदर चित्र म्हणूनच ठशात निकामी ठरतं. कच्चं चित्र काळ्या मार्करनं काढायची सवय लावा, तेही ठशाच्या खऱ्या मापात. मोठं काढून मनातल्या मनात लहान करू नका. कागदावर ऐटीत दिसणारी रेघ तीन सेंटीमीटरच्या रबरावर केसाएवढी होते.

विषय वावरातूनच घ्या. विदर्भात राहणाऱ्याला यासाठी कुठं जायला नको. धुऱ्यावरचा पळस आहे, त्याचं तीन पानांचं बेचकं एका नजरेत ओळखू येतं. तुरीची शेंग आहे, तिच्यातले दाणे बाहेरूनच फुगीर दिसतात. वरुड-मोर्शीकडे संत्र्याची आडवी कापलेली फोड, भंडारा-गोंदियाकडे धानाची लोंबी, गडचिरोलीकडे मोहाचं फूल. ज्याची बाह्यरेषा ओळखीची आहे ते ठशात चांगलं उतरतं. माणसाचा चेहरा, देवाची मूर्ती, धावता वाघ हे नंतर.

मी इथं पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाचं, बोंड घेते, कारण त्यात या कामातली मुख्य अडचण आहे. कापूस पांढरा. शाई काळी किंवा निळी. मग पांढरी वस्तू काळ्या शाईत दाखवायची कशी?

दिवाळीनंतर वेचणीच्या दिवसांत एक उमललेलं बोंड देठासकट तोडून आणा आणि समोर ठेवा. डोळे अर्धे मिटून बघा. बारीकसारीक तंतू दिसेनासे होतात आणि उरतात ते तीन आकार : कापसाचे चार-पाच फुगीर कप्पे, त्यांच्या मधल्या खोल फटी, आणि खालून वर आलेली वाळलेल्या बोंडाची टोकदार साल. एवढंच चित्र आहे. आता ते दोन प्रकारे करता येतं.

एक म्हणजे काळ्या चौकटीत पांढरं बोंड. खोडरबराची सगळी पाठ तशीच ठेवायची आणि फक्त कापसाचे कप्पे उकरायचे. फटी काळ्या उरतात. साल दाखवायला तिच्याभोवती पांढरी रेघ काढायची, म्हणजे काळ्या पार्श्वभूमीत काळी साल उठून दिसते. दुसरा प्रकार उलटा : सभोवतालचं सगळं रबर काढून टाकायचं, साल काळी भरीव ठेवायची आणि कापूस फक्त एका वळणदार बाह्यरेषेनं दाखवायचा. कापसाचा पांढरेपणा तिथं कागदाचा.

नवशिक्यांनी पहिल्या प्रकारापासूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. उकरायचं कमी असतं, उभ्या राहणाऱ्या बारीक रेघा कमी असतात, आणि चुकून ब्लेड घसरलं तर ती पांढरी रेघ कापसाच्या तंतूत खपून जाते. दुसऱ्या प्रकारात बाह्यरेषा तुटली की डोळ्याला लगेच खटकतं. बहुतेक जण आधी दुसरा प्रकार करायला जातात, कारण कागदावर आपण रेघेनंच चित्र काढत आलेलो असतो.

मार्करनं दोन्ही प्रकार काढून भिंतीला लावा आणि पाच-सात पावलं मागं जाऊन बघा. लांबून बोंड वाटत नसेल तर रबर हातात घेण्यात अर्थ नाही. तपशील वाढवून ते सुधारत नाही. बहुधा एखादा कप्पा कमी करून, फट रुंद करून सुधारतं. उरणारी कोणतीही काळी रेघ निदान १ मिलिमीटर रुंद हवी. त्याहून बारीक रेघ दाबाखाली वाकते आणि छाप दुहेरी येते.

चित्र रबरावर उतरवणं

चित्रावर बटर पेपर ठेवून ४बी किंवा ६बी पेन्सिलीनं गिरवा, काळे भाग भरूनच. मग तो कागद पेन्सिलीची बाजू खाली करून रबरावर ठेवा, एका हातानं घट्ट धरा आणि चमच्याच्या पाठीनं घासा. कागद जरासुद्धा सरकू देऊ नका. उचलल्यावर रबरावर चित्र उलटं दिसेल. ते तसंच हवं, म्हणजे छाप सुलटी येते. थेट रबरावर चित्र काढणार असाल तर ते उलटं काढावं लागतं. बोंडाला त्यानं फरक पडत नाही, अक्षराला पडतो.

बारीक नक्षी असेल तर झेरॉक्सची प्रतही उतरवता येते. लेझर झेरॉक्स पालथी ठेवून तिच्या पाठीवर नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये भिजवून पिळलेला कापसाचा बोळा दाबत न्या आणि कागद लगेच उचला. त्यातलं ॲसिटोन जास्त झालं तर खोडरबराची पाठच चिकट होते. हे काम चुलीपासून लांब आणि उघड्यावर करा, ॲसिटोन झटकन पेट घेतं.

उतरवलेली पेन्सिल हात लागून पुसली जाते. जे भाग उरायचे आहेत ते बारीक बॉलपेननं रंगवून घ्या. कोरताना डोळ्याला फार मदत होते : रंगवलेल्याला हात लावायचा नाही, पांढरं तेवढं काढायचं.

कोरणं

आतून बाहेर या. आतले बारीक तपशील आधी, कारण तेव्हा सभोवती भरपूर रबर असतं आणि तुकडा हातात स्थिर राहतो. कडेचं मोठं रबर शेवटी.

ब्लेड पेनासारखं धरा. आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ब्लेडचं टोक पांढऱ्या भागाकडे आणि मूठ काळ्या भागाच्या वर झुकलेली असावी. त्यानं उरलेल्या रेघेच्या भिंती खाली रुंद होत जातात, बंधाऱ्याच्या मातीसारख्या. मूठ उलट बाजूला झुकली तर रेघ तळातून पोखरली जाते. दिसायला ठीक दिसते आणि दाब पडला की आडवी होते. नवे ठसे फाटतात ते जवळजवळ नेहमी याच कारणानं.

बोंडाच्या पहिल्या कप्प्याच्या कडेवर टोक टेकवा, साधारण २ मिलिमीटर आत जाऊ द्या आणि ओढायला लागा. वळण आलं की हात फिरवू नका. ब्लेड जागेवर ठेवा आणि डाव्या हातानं रबर फिरवा. कप्प्याची गोलाई अशी एकाच सलग कापात येते. हात फिरवला की तिला कोपरे पडतात. पूर्ण फेरी झाल्यावर कप्प्याच्या आतल्या अंगानं, पहिल्या कापाकडे तिरपा असा दुसरा काप घ्या. दोन्ही काप तळाशी भेटले की रबराची बारीक दोरी आपोआप सुटून येते. ती ओढून तोडू नका. सुटत नसेल तर काप कुठंतरी भेटलेले नाहीत, तिथं पुन्हा ब्लेड फिरवा.

असा कप्प्याभोवती चर तयार झाला की मधला भाग छत्रीच्या काडीनं उकरा. काडी फटीकडून कप्प्याच्या फुगीर टोकाकडे न्या, कापूस जसा बाहेर पडतो त्या दिशेनं. इथं एक खुबी आहे. सगळं एकदम सपाट करू नका. काडीच्या दोन चरांमध्ये राहिलेली एखादी पातळ धार मुद्दाम पृष्ठभागाइतकी ठेवा. छापेत ती तुटक, बारीक रेघ म्हणून येते आणि कापसाला तंतू येतात. प्रत्येक कप्प्यात अशा दोन-तीन पुरे. जास्त झाल्या तर कापूस मळका दिसतो.

मग शेजारचा कप्पा. दोन कप्प्यांमधली काळी फट आता दोन्ही बाजूंनी कोरली जाणार, म्हणून दुसऱ्या बाजूचा काप थोडा उथळ घ्या. फटीचं वरचं टोक निमुळतं होत जातं. तिथं ब्लेड टोकाकडून रुंद भागाकडे न्या, उलट नेलं तर टोक उडतं. शेवटी सालीभोवतीची पांढरी रेघ : एक काप डावीकडे झुकलेला, एक उजवीकडे, मधली दोरी बाहेर.

खोली किती हवी? बारीक रेघांच्या मध्ये १ मिलिमीटर पुरते, मोठ्या मोकळ्या जागेत २ ते ३. मोकळी जागा जितकी रुंद तितकी खोल, कारण दाब दिल्यावर कागद त्या खड्ड्यात थोडा उतरतो आणि तळाची शाई पकडतो.

पहिली छाप आणि दुरुस्ती

रबर झटकून, ओल्या फडक्यानं पुसून, कोरडं करा. पॅडवर दाबून धरू नका, हलके टिपत न्या. कागदाखाली वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्या ठेवा. ठसा सरळ खाली टेकवा, न हलवता समान दाब द्या, सरळ वर उचला. ठसा डोलवून छापायची तलाठी कार्यालयातली पद्धत इथं नको, तिच्यानं कडा फराटतात.

पहिल्या छापेत मोकळ्या जागेत नको असलेल्या रेघा दिसतील. त्या उकरताना राहिलेल्या धारा आहेत. छाप आणि ठसा शेजारी ठेवा, उजवीकडचं डावीकडे असतं हे लक्षात ठेवून एकेक धार शोधा आणि काढा. सगळ्या काढायलाच हव्यात असं नाही. बोंडाभोवतीच्या चार तुटक रेघा हातकामाची ओळख असतात आणि मला त्या आवडतात. काढलेलं रबर परत लावता येत नाही, म्हणून थोडं काढा, छापा, बघा, मग आणखी काढा. एखादा तुकडा पूर्ण तुटलाच तर झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्या एका थेंबानं तो बसतो, पण तो गोंद वरच्या पृष्ठभागावर येऊ देऊ नका.

अक्षरं

देवनागरी अक्षरं ठशासाठी सोयीची आहेत, कारण शिरोरेषा सगळी अक्षरं एकत्र धरून ठेवते. शिरोरेषा जाड ठेवा, तिच्या आधारानं बारीक काने-मात्रे टिकतात. अडचण येते ती सुट्या ठिपक्यांची. अनुस्वार हे एकटं बेट असतं, म्हणून त्याचा पाया चारी बाजूंनी रुंद ठेवा किंवा तो चौकोनी कोरा. जोडाक्षरं लहान मापात भरून जातात. नाव छोटं असेल तरच ठसा करा. कोरायला सुरुवात करण्याआधी रबर आरशासमोर धरा. आरशात नाव नीट वाचता आलं तर छापेतही येईल.

यात एक पथ्य पाळायलाच हवं. ग्रामपंचायत, शाळा, बँक, तलाठी यांच्या शिक्क्यासारखा ठसा गमतीतही करू नका, कोणी पैसे देऊन मागितला तरी नाही. तो गुन्हा होतो. अशोकस्तंभाच्या चित्राच्या वापरावर २००५ च्या कायद्यानं बंधनं आहेत, तेही टाळा.

ट्यूबचा बैल

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला पोट्टे लाकडी बैल घेऊन निघतात, तेव्हा घरोघरी वाटायच्या पाकिटांवर बैल छापायला हा ठसा उत्तम. लहान मुलांनाही तो करता येतो, कारण यात ब्लेड नाही, कात्री आहे. माझ्या मते सातवी-आठवीच्या आतल्या मुलांच्या हाती ब्लेड देऊच नये. त्यांना ट्यूब द्या, नाही तर भेंडी आडवी कापून द्या, तिची पाच पाकळ्यांची छाप तयारच असते.

ट्यूब उभी चिरून सपाट करा, साबणानं आतली पांढरी पावडर धुऊन टाका. बैलाची आकृती पेननं काढून कापा. शिंगं, वशिंड आणि शेपटी हे तीन भाग ओळखीचे. ते मोठे ठेवा, पाय आखूड आणि जाड ठेवले तरी चालतं. झुलीवरची नक्षी हवी असेल तर पंचिंग मशीननं भोकं पाडा. लाकडाची सपाट बाजू आणि ट्यूबची खालची बाजू पॉलिश पेपरनं खरवडा. पंक्चरचं सोल्युशन दोन्हीकडे पातळ लावा आणि लगेच चिकटवू नका. बोटाला ओलं न लागता नुसतं चिकट लागेपर्यंत थांबा, मग एकदाच नेमकं ठेवून दाबा. ओलं असताना चिकटवलं तर ते सरकत राहतं. आकृती पुरेशी उंच वाटत नसेल तर ट्यूबचे दोन थर द्या. लाकडाच्या पाठीवर वरची बाजू दाखवणारा बाण काढून ठेवा.

खोडरबराच्या ठशाला मात्र हे सोल्युशन नको. खोडरबरातलं तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर येतं आणि गोंद सुटत जातो. त्याला दोन्ही बाजूंनी चिकट असलेली टेप लावा, सुटली तर बदलता येते. लहान ठसा लाकडाशिवाय, नुसता बोटांत धरूनही छान छापतो.

शाई, कागद, कापड

स्टॅम्प पॅडची जांभळी-निळी शाई कागदाला पुरेशी आहे, पण पाण्यानं फुटते आणि उन्हात फिकी पडते. शाळेच्या हस्तलिखितात, पाकिटांवर, पत्रांवर चालेल. दारावरच्या पाटीला नाही. रंगीत छापेसाठी पोस्टर कलर घट्टसर ठेवून स्पंजच्या तुकड्यानं ठशावर टिपा. पाणचट रंग रबरावर थेंब धरतो. एकाच ठशावर दोन-तीन रंग हवे असतील तर स्केचपेननं ठशाचे वेगवेगळे भाग रंगवा, तोंडाची वाफ देऊन शाई ओलसर करा आणि छापा. बोंडाची चौकट निळी आणि साल तपकिरी अशी एका दाबात येते.

दोन स्वतंत्र ठशांनी रंग भरायचे तर दोन्ही खोडरबरं एकाच मापाची घ्या. पहिला ठसा बटर पेपरवर छापून ती ओली छाप दुसऱ्या रबरावर दाबली की चित्र नेमक्या जागी उतरतं. छापताना कागदावर पुठ्ठ्याचा काटकोन ठेवा आणि दोन्ही ठसे त्याच कोपऱ्याला टेकवा.

होळीच्या सुमारास पळसाची फुलं उकळून, पाणी आटवून, बाभळीचा डिंक घालून घट्ट केलं तर त्याचीही कागदावर केशरी-पिवळी छाप येते. रंग सुंदर असतो, पण टिकाऊ नाही. त्या मोसमापुरतं करायला मात्र जरूर करावं.

कापडावर छापायचं तर कापडासाठीचे ॲक्रिलिक रंग वापरा. सुती कापड किंवा खादी घ्या, आधी धुऊन खळ काढा, वाळवून इस्त्री करा. खाली जुनी चादर घडी करून पसरा. रंग स्पंजनं पातळ लावा आणि कागदापेक्षा जास्त दाब द्या. एक दिवस सुकू द्या, मग बाटलीवर सांगितल्याप्रमाणे उलट बाजूनं इस्त्री फिरवा. बचत गटाच्या पापड-सरगुंड्यांच्या कागदी पिशव्यांवर छापणार असाल तर पिशवी भरण्याआधी, बाहेरच्या बाजूनं छापा आणि पूर्ण सुकल्यावरच आत माल घाला.

ऊन, पाऊस आणि जपणूक

आपल्याकडचा मे महिना या कामाला कठीण. पारा ४५ अंशांपर्यंत चढला की खोडरबर इतकं मऊ पडतं की ब्लेड ओढताना कड सोबत वाहते. पहाटे कोरा, किंवा रबर आधी थोडा वेळ माठाजवळ गार जागी ठेवा. पॅडही झपाट्यानं सुकतो. झाकण लावून पालथा ठेवला की शाई वरच्या थरात राहते. पावसाळ्यात उलट होतं. कागद दमट झाल्यानं छाप पसरते, तेव्हा पॅडवर आणखी हलक्या हातानं टिपा आणि छापलेले कागद एकमेकांवर ठेवू नका.

छापून झाल्यावर ठसा साबणाच्या पाण्यानं, जुन्या टूथब्रशनं हळू घासून धुवा. ॲक्रिलिक रंग ठशावर वाळू देऊच नका, फटीत बसला की निघत नाही. पेट्रोल, थिनर, रॉकेल यांनी खोडरबर खराब होतं.

खोडरबराचे ठसे प्लॅस्टिकच्या डब्यात उघडे ठेवू नका. त्यांच्यातलं तेलकट द्रव्य प्लॅस्टिकला लागतं आणि काही महिन्यांत ठसा डब्याला चिकटून बसतो. दोन ठसे एकमेकांना टेकून राहिले तरी तेच होतं. प्रत्येक ठसा बटर पेपरमध्ये गुंडाळून मिठाईच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, टिनाच्या छपरापासून लांब ठेवा. आणि दर ठशाची एक स्वच्छ छाप वहीत उमटवून खाली रबराचा प्रकार, शाई आणि तारीख लिहा. खोक्यातल्या पुड्या उघडत बसण्यापेक्षा वही चाळून हवा तो ठसा लवकर सापडतो.